पगार थांबला आहे, नोकरी संपलेली नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

मी मूळचा सांगलीचा, वय २७. टेक्सासमधील एका विद्यापीठातून २०२२ साली एम.एस. केले, ओपीटीवर (शिक्षणानंतर काही काळ काम करण्याच्या विद्यार्थी-परवान्यावर) न्यू जर्सीतील एका लहान कन्सल्टिंग कंपनीत लागलो आणि त्याच कंपनीच्या अर्जावर १ ऑक्टोबर २०२४ पासून माझा दर्जा एच-१बी (मालकाच्या अर्जावर मिळणारा तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा) झाला. पगार वर्षाला ९१,००० डॉलर ठरला. कनेटिकटमधील एका विमा कंपनीचा प्रकल्प सप्टेंबर २०२५ अखेर संपला, आणि तेव्हापासून अकरा आठवडे मी बेंचवर, म्हणजे पुढच्या प्रकल्पाची वाट पाहत रिकामा बसून, आहे. या काळात एक डॉलरही मिळालेला नाही. मालक म्हणतात, 'प्रोजेक्ट नाही तर पगार कुठून देऊ?' आता त्यांनी सुचवले आहे, की माझ्या वडिलांनी मालकांच्या भारतातील एका नातेवाइकाच्या खात्यात साडेसात लाख रुपये भरावेत, म्हणजे मालक एका महिन्याचा पगार 'चालवून' मला पे-स्टब (पगाराची पावती) देतील. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. ते मुदत ठेव मोडायला तयार आहेत. माझ्या रेझ्युमेवर तीन वर्षांऐवजी आठ वर्षांचा अनुभव लिहिलेला आहे आणि मागचा प्रकल्पही त्यावरच मिळाला. दोन वर्षांच्या आत कंपनी सोडली तर १५,००० डॉलर भरण्याच्या करारावर माझी सही आहे. नव्या कंपनीला माझ्यासाठी एक लाख डॉलर भरावे लागतील, त्यामुळे मला कोणी घेणार नाही, आणि थांबलो तर पुढच्या वर्षी ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू करू, असे मालक सांगतात. फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचे लग्न आहे. ज्यांनी मला इथे उभे केले त्यांच्याविरुद्ध जाणे कृतघ्नपणाचे ठरेल का? मी काय करावे?

उत्तर:

तुमचे पत्र वाचताना मालकांच्या त्या एका वाक्यापाशी मी थांबले. 'प्रोजेक्ट नाही तर पगार कुठून देऊ' हे वाक्य मी २००१ साली, न्यू जर्सीतच, अगदी याच शब्दांत ऐकले होते. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांतील तारखा बिघडू नयेत यासाठीच्या, कामाला १९९९ मध्ये पुण्याहून गेलेल्या आम्हां कोबोलवाल्यांचे (कोबोल ही जुनी संगणकभाषा) प्रकल्प तेव्हा एकामागून एक बंद पडत होते, आणि कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये आम्ही सहा जणी आळीपाळीने स्वयंपाक करत व्हेंडरच्या, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मधल्या कंपनीच्या, फोनची वाट पाहत बसलो होतो. मला ते वाक्य तेव्हा पटले होते. काम नाही तर पगार नाही, हे आपल्या मनाला सरळ वाटते, कारण रोजंदारीवरच्या माणसांना तसेच जगताना आपण लहानपणापासून पाहिलेले असते. चार महिने मी काही न बोलता काढले आणि शेवटी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून परत आले. तो पगार न देणे तेव्हाही बेकायदा होते, हे मला परतल्यावर काही वर्षांनी कळले. तुम्हाला ते वेळेत कळावे, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. अमेरिकेत १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने एच-१बी हा वर्ग निर्माण केला. परदेशी कर्मचारी ठेवू इच्छिणाऱ्या मालकाला त्यासाठी आधी तिथल्या कामगार खात्याकडे एक लेखी हमीपत्र दाखल करावे लागते. त्यालाच सगळे एलसीए म्हणतात. कोणत्या गावी, कोणत्या कामासाठी, किती वेतनावर माणूस ठेवणार हे त्यात लिहिलेले असते, आणि ते वेतन त्या भागातील त्या कामाच्या प्रचलित वेतनापेक्षा किंवा त्याच कंपनीतील तशाच कर्मचाऱ्याच्या वेतनापेक्षा कमी असून चालत नाही. १९९८ साली या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने बेंचच्या प्रथेवर नेमके बोट ठेवले. काम उपलब्ध नाही म्हणून कर्मचारी बसून असेल, तर त्या काळाचेही पूर्ण वेतन मालकाने द्यायचे, असे ती सांगते. कर्मचाऱ्याने स्वतःच्या कारणासाठी रजा मागितली किंवा आजारपणामुळे तो कामच करू शकत नसला, तर गोष्ट वेगळी. प्रकल्प संपणे हे त्यात बसत नाही. या देण्यातून मालकाला मोकळे व्हायचे असेल तर नोकरी रीतसर संपवावी लागते: कर्मचाऱ्याला तसे कळवायचे, यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याला कळवायचे आणि मायदेशी परतण्याच्या प्रवासाचा वाजवी खर्च देऊ करायचा. तुमच्या पत्रावरून यांतले काहीच झालेले दिसत नाही. म्हणजे तुमचा पगार थांबला आहे, नोकरी संपलेली नाही. ९१,००० डॉलरच्या हिशेबाने आठवड्याचे १,७५० डॉलर होतात आणि अकरा आठवड्यांचे १९,२५०. हे तुमचे येणे आहे आणि दर आठवड्याला ते वाढते आहे.

आता कृतघ्नपणाविषयी. आपल्याकडे 'स्पॉन्सर' म्हटले की पालकत्व घेणारा, अडीअडचणीला पाठीशी उभा राहणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि तुमच्या मनातला प्रश्न तिथूनच आला असावा. व्हिसाच्या व्यवहारात या शब्दाचा अर्थ मालक, एवढाच आहे. कन्सल्टिंगच्या साखळीत सर्वांत वर ज्याचे काम आहे तो क्लायंट असतो, त्याखाली प्रकल्प राबवणारी मोठी कंपनी, मग प्राइम व्हेंडर, कधी आणखी एक व्हेंडर आणि सर्वांत खाली तुमचा मालक. क्लायंट तासाला जो दर देतो, त्यातून प्रत्येक पायरीवर काही कापले जाते. तुमचा पगार वर्षाच्या २,०८० तासांवर विभागला तर तासाला ४३ डॉलर ७५ सेंट येतात. तुमच्या टाइमशीटवर मालकांनी वरच्या व्हेंडरला कोणता दर लावला, हे तुम्हाला बहुधा कधी सांगितले गेले नसेल. प्रकल्प चालू असताना मधला फरक त्यांनी ठेवला यात गैर काही नाही, तो त्यांचा व्यवसाय आहे. पण रिकाम्या महिन्यांची जोखीमही त्याच व्यवसायाचा भाग आहे. फरक मालकाचा आणि रिकामा काळ कर्मचाऱ्याचा, ही वाटणी कायद्याने १९९८ सालीच नाकारली आहे. त्यांनी तुम्हाला आल्या आल्या राहायला जागा दिली असेल, बर्फात गाडीने सोडले असेल, तर त्याची जाण जरूर ठेवा. ती जाण तुमच्या पगारातून वळती करून घेण्याचा हक्क मात्र त्यांना मिळत नाही.

घाई कशाची आहे ते आता सांगते, कारण तुमच्या पत्रात वेळेची काळजी कुठेच दिसली नाही आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. नोकरी संपल्यावर एच-१बी धारकाला जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत मिळते, हा नियम १७ जानेवारी २०१७ पासून आहे. हे साठ दिवस मोजताना यूएससीआयएस साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तो दिवस धरते. तुमचे अकरा आठवडे म्हणजे सत्त्याहत्तर दिवस झाले. उद्या एखाद्या नव्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज केला, तर तपासणारा अधिकारी शेवटचा पे-स्टब पाहील, तो सप्टेंबरचा असेल, आणि तुम्ही तुमचा दर्जा राखला नाही असा निष्कर्ष तो काढू शकेल. त्याला तुमचे उत्तर हे असले पाहिजे, की माझी नोकरी संपलेलीच नव्हती, मालकाने मला थांबवून ठेवले होते आणि कायद्याने देणे असलेला पगार दिला नाही. हे उत्तर तोंडी टिकत नाही, ते कागदांवर उभे करावे लागते. मालकांनी 'थांबा, पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे' असे लिहिलेला प्रत्येक ई-मेल, व्हॉट्सअॅपवरचा प्रत्येक निरोप, तुमचे नाव कोणत्या व्हेंडरकडे पाठवले त्याच्या नोंदी, मुलाखतींची निमंत्रणे, प्रशिक्षणाला बसवले असेल तर त्याच्या तारखा, आतापर्यंतचे सगळे पे-स्टब, डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचे आणि कराचे पत्रक), बँकेची खातेपत्रके आणि आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याची यूएससीआयएसची सूचना) हे सगळे स्वतःच्या खासगी खात्यात आजच साठवून ठेवा. कंपनीच्या लॅपटॉपवर आणि कंपनीच्या मेलवर विसंबू नका, कारण ते दार एका क्षणात बंद होते.

या परिस्थितीत बहुतेक मुले जे करतात ते म्हणजे गप्प राहणे. तक्रार केली तर व्हिसा जाईल, अशी त्यांची समजूत करून दिलेली असते. प्रत्यक्षात तुमच्या बाबतीत तक्रार हा बचावाचा भाग आहे. कामगार खात्याच्या वेतन आणि कामाचे तास पाहणाऱ्या विभागाकडे डब्ल्यूएच-४ नावाचा फॉर्म भरून ही तक्रार करता येते, तिला फी लागत नाही, आणि उल्लंघन घडल्यापासून बारा महिन्यांच्या आत ती करायची असते. चौकशीत दोष सिद्ध झाला तर थकलेले वेतन देण्याचा आदेश होतो. तक्रार केली म्हणून कर्मचाऱ्याला त्रास देणे हे नियमांचे स्वतंत्र उल्लंघन मानले जाते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मालकाने सूड म्हणून काही केले आणि त्यामुळे तुमच्या दर्जात खंड पडला, तर केलेल्या तक्रारीचा विश्वसनीय पुरावा यूएससीआयएस अपवादात्मक परिस्थिती म्हणून विचारात घेऊ शकते, अशी तरतूद नियमांत आहे. गप्प राहिलेल्या माणसाकडे असा कागद नसतो, आणि अधिकाऱ्याच्या समोर तो आणि आपल्या मर्जीने घरी बसलेला माणूस सारखेच दिसतात. मी २००१ मध्ये नेमकी तशी दिसले असते.

एक लाख डॉलरबद्दल मालकांनी तुम्हाला अर्धेच सांगितले आहे, आणि उरलेले अर्धे त्यांच्या सोयीचे नाही. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनुसार २१ सप्टेंबरपासून भरल्या जाणाऱ्या काही नव्या एच-१बी अर्जांसोबत ही रक्कम द्यावी लागते. ती प्रामुख्याने अमेरिकेबाहेर असलेल्या व्यक्तींसाठीच्या अर्जांना लागू आहे. ऑक्टोबरमध्ये यूएससीआयएसने जे स्पष्टीकरण दिले, त्यानुसार जो माणूस अमेरिकेतच वैध दर्जात आहे आणि ज्याची मुदतवाढ मंजूर होते, त्याच्या नव्या मालकाला ही रक्कम भरावी लागत नाही. मात्र अधिकाऱ्याने ठरवले की या व्यक्तीने दर्जा राखलेला नाही, म्हणून मुदतवाढ देता येत नाही, तर तीच रक्कम लागू होते. म्हणजे आज नव्या कंपनीला तुमच्यासाठी एक लाख डॉलर भरावे लागतीलच असे नाही. तुमच्या दर्जाचा धागा तुटला तर लागतील, आणि तो धागा रोज थोडा थोडा विरतो आहे तो तुमच्या मालकांनी पगार थांबवल्यामुळे. वर दिलेल्या कागदांचा आणि तक्रारीचा आग्रह मी धरते आहे तो यासाठीच.

वडिलांच्या साडेसात लाखांविषयी मला एका शब्दाचीही शंका नाही: ते भरू नयेत. ९१,००० चा महिन्याचा वाटा ७,५८३ डॉलर होतो. सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरच्या करापोटी कर्मचाऱ्याकडून ७.६५ टक्के कापले जातात आणि तेवढाच वाटा मालकाने स्वतःच्या खिशातून घालायचा असतो. मालकांनी मागितलेल्या रकमेचा हिशेब मांडून पाहा. त्यात त्यांच्या वाट्याचा करही तुमच्या वडिलांकडून वसूल होत असल्याचे दिसेल. मग कर वजा होऊन तुमच्याच घरचे पैसे तुमच्या खात्यात पगार म्हणून येतील. आपला पगार आपणच भरला तर तो कायद्याच्या दृष्टीने मालकाने दिलेला पगार ठरत नाही, आणि त्यावरून तयार झालेला पे-स्टब हा खोटा कागद ठरतो. आजपर्यंत या प्रकरणात अन्याय तुमच्यावर झालेला आहे. तो पे-स्टब तुम्ही पुढे कोणत्याही अर्जाला जोडलात, की त्या दिवसापासून तुम्ही त्यात सामील झालात. शिवाय भारतात एका खात्यात रुपये भरायचे आणि त्याच्या बदल्यात अमेरिकेत डॉलर घ्यायचे, हा व्यवहार परकीय चलनाविषयीच्या १९९९ च्या फेमा कायद्यात बसत नाही. बोलीभाषेत त्याला हवाला म्हणतात. आयुष्यभर खडूफळ्यावर प्रामाणिकपणे काम केलेल्या माणसाचे नाव अशा व्यवहारात येऊ देणे तुम्हाला नंतर कधीच सोसणार नाही.

रेझ्युमेविषयी मी कठोर लिहिणार आहे, आणि ते तुम्ही समजून घ्याल असा विश्वास आहे. आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींत दोष मालकांचा होता. आठ वर्षांचा अनुभव मात्र तुमच्या नावाने, तुमच्या संमतीने लिहिला गेला आहे. या बाजारात त्याला 'मार्केटिंग' असे नाव आहे, त्यासाठी वेगळी माणसे ठेवलेली असतात, मुलाखतीला तुमच्याऐवजी दुसराच कोणी बोलतो, आणि सगळे करतात म्हणून ते रोजच्या व्यवहारासारखे वाटू लागते. पण नीट पाहा. पगार बुडाला तर तो वसूल करता येतो, करारावरची सही आव्हान देण्यासारखी असते, दर्जात खंड पडला तरी कागदांच्या आधारे तो सांधण्याचा प्रयत्न करता येतो. इमिग्रेशनचा लाभ मिळवण्यासाठी महत्त्वाच्या गोष्टीबाबत जाणूनबुजून खोटे सांगितले, असे एकदा ठरले तर अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येते, आणि तिला मर्यादित सवलतींपलीकडे वाट नाही. रेझ्युमे क्लायंटकडे जातो तोवर ती मुलाखतीतली फसवणूक असते. तीच आठ वर्षे अनुभवपत्र होऊन एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या अर्जाला जोडली गेली, की ती सरकारपुढची होते. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी तर यूएससीआयएसच्या निरीक्षकांचा क्लायंटच्या जागी जाऊन चौकशी करण्याचा अधिकार स्पष्टच लिहून ठेवला आहे.

म्हणून तो रेझ्युमे आजपासून वापरणे थांबवा आणि मालकांना तसे लेखी कळवा. नोकरीविषयक संकेतस्थळांवर तुमच्या नावाने त्यांनी खाती उघडलेली असतात, ती कोणती आहेत ते विचारून बंद करून घ्या. तुमच्या एच-१बीच्या अर्जात नेमके काय लिहिले होते, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? बऱ्याच मुलांनी ते पाहिलेले नसते. एलसीएची प्रत कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत तुम्हाला द्यायला मालक बांधील होते. बाकीची फाइल ते देत नसतील तर आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखा तिथे फोया नावाचा कायदा आहे, त्याखाली यूएससीआयएसकडे तुमच्या नोंदींसाठी अर्ज करता येतो. मागचा प्रकल्प खोट्या अनुभवावर मिळाला होता, ही गोष्ट तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. मालक तक्रारीला उत्तर देताना हेच हत्यार उपसतील, आणि ते तुमच्या वकिलाला त्यांच्याकडून कळणे सर्वांत वाईट.

हा वकील तुमचा स्वतःचा हवा. अर्ज भरणारा कंपनीचा वकील प्रेमाने बोलत असला तरी फी देणारी कंपनी आहे, हे विसरू नका. अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशनच्या यादीतून न्यू जर्सीतला, एच-१बीची कामगार खात्याची बाजूही पाहणारा वकील शोधा. एका भेटीची फी तुम्हाला आज जड वाटेल. वडिलांच्या ठेवीतून काही घ्यायचेच असेल तर यासाठी घ्या, तेही बँकेच्या सरळ मार्गाने.

वकिलाशी बोलल्यावरच मालकांना एक साधा, सभ्य ई-मेल पाठवा. मी कामासाठी उपलब्ध आहे, अमुक तारखेपासूनचे वेतन मला मिळालेले नाही, ते एलसीएप्रमाणे द्यावे आणि एलसीएची प्रत पाठवावी, एवढेच त्यात असावे. आरोप नको, धमकी नको, जुन्या उपकारांचा उल्लेखही नको. यावर ते चिडून तुमची नोकरी रीतसर संपवतील, ही शक्यता खरी आहे आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. तसे झाले तर निदान एक लेखी तारीख मिळेल, त्या तारखेपर्यंतच्या वेतनाची मागणी अधिक पक्की होईल आणि परतीच्या प्रवासाच्या खर्चाचा हक्कही निर्माण होईल. राजीनामा मात्र स्वतःहून देऊ नका. तो दिलात तर परतीच्या खर्चाचा हक्क जातो, आणि साठ दिवसांचे घड्याळ तुम्ही स्वतःच सुरू केल्यासारखे होते.

नवी नोकरी शोधणे या सगळ्याबरोबर आजपासूनच सुरू झाले पाहिजे. तुम्ही एकदा एच-१बीच्या वार्षिक मर्यादेत मोजले गेला आहात, त्यामुळे नव्या मालकाला तुमच्यासाठी पुन्हा लॉटरीत, म्हणजे मर्यादित जागांसाठीच्या सोडतीत, उतरावे लागत नाही. सहा वर्षांपैकी जवळजवळ पावणेपाच वर्षे तुमची शिल्लक आहेत. २००० सालच्या कायद्याने दिलेल्या सवलतीमुळे, तुमचा दर्जा वैध असेल तर नव्या मालकाचा अर्ज यूएससीआयएसकडे दाखल होताच तिथे काम सुरू करता येते, मंजुरीपर्यंत थांबावे लागत नाही. तुमच्या परिस्थितीत मात्र, पगारातला खंड पाहता, मंजुरी हातात आल्यावरच जागा बदलावी असे वकील सांगण्याची शक्यता आहे, आणि तसे सांगितले तर ऐका. शक्य असेल तर या वेळी कन्सल्टिंगची साखळी टाळून जिचे काम आहे तिच्याकडेच, म्हणजे विमा कंपनी, रुग्णालय, बँक, विद्यापीठ अशा ठिकाणी थेट प्रयत्न करा. तीन वर्षांच्या खऱ्या अनुभवावर मिळणारी जागा आठ वर्षांच्या जागेपेक्षा लहान असेल, पगारही कदाचित कमी असेल. त्या विमा कंपनीतल्या ज्या व्यवस्थापकाबरोबर तुम्ही काम केले, त्याला तुमचे काम माहीत आहे. ओळखीसाठी त्याच्याकडे जायचे असेल तर आधी व्हेंडरच्या करारातली कलमे वकिलाला दाखवा.

पंधरा हजार डॉलरच्या कराराची भीती मला फारशी वाटत नाही. ठरलेल्या मुदतीआधी सोडले म्हणून दंड घेणे एच-१बीच्या नियमांत निषिद्ध आहे. खरोखर झालेल्या नुकसानीची भरपाई राज्याच्या कायद्यानुसार मागता येते, पण अर्जाची सरकारी फी आणि वकिलाचा खर्च हा मालकाचा स्वतःचा व्यवसायखर्च आहे, तो या वाटेने तुमच्याकडून वसूल करता येत नाही. ज्याने अकरा आठवड्यांचे १९,२५० डॉलर थकवले आहेत, त्याने १५,००० साठी न्यायालयात जाणे कितपत शक्य आहे, याचा विचार तुम्हीच करा.

ग्रीन कार्डच्या आश्वासनावर तर एक दिवसही थांबू नका. कोणत्याही एका देशाला वर्षाला एकूण संख्येच्या सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दशकाहून लांब आहे, आणि त्या रांगेतली तुमची जागा पहिला अर्ज सरकारकडे दाखल झाल्याच्या दिवशी ठरते; त्याआधीच्या शब्दाला काही किंमत नाही. रांगेत उभे राहण्यासाठी पगार देणारा मालक लागतो.

राहिला बहिणीच्या लग्नाचा प्रश्न, आणि हे लिहिताना मला वाईट वाटते आहे. तुम्ही अमेरिकेत असतानाच तुमचा दर्जा बदलला, त्यामुळे तुमच्या पासपोर्टवर एच-१बीचा शिक्का नसणार. भारतात गेलात तर तो मुंबईच्या वकिलातीत घ्यावा लागेल, तिथे अलीकडचे पे-स्टब मागितले जातील, आणि ते तुमच्याकडे नाहीत. शिवाय १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाल्याने भारतातील अनेकांच्या मुलाखती काही महिन्यांनी पुढे ढकलल्या गेल्या आहेत. तुम्ही सांगलीत अडकून पडलात आणि दरम्यान एखादी नवी कंपनी तयार झाली, तर तिच्यापुढे ते एक लाख डॉलर खरोखरच उभे राहतील. नव्या मालकाचा अर्ज मंजूर होईपर्यंत देश सोडू नका, म्हणजे फेब्रुवारीत जाऊ नका, असेच मला सांगावे लागते आहे.

हे बहिणीला तुम्ही स्वतः सांगा, वडिलांकडून कळू देऊ नका, आणि का येत नाही तेही पूर्ण सांगा. घरातल्या लग्नाच्या धामधुमीत ती बातमी कोणाकडून तरी अर्धवट कळली, तर नातेवाइकांत 'पोरगा तिकडचाच झाला' अशी बोलणी सुरू होतील आणि ती तिला ऐकावी लागतील. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल तर न्यू जर्सीत रात्रीचे दोन वाजलेले असतील. अक्षता पडताना फोन समोर धरून उभा राहील अशा एखाद्या मावसभावाला आत्ताच सांगून ठेवा.